धाकलूचा अंगठा

दहिवलीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पिवळी टपरी आहे. तिच्यावरची एसटीडीची अक्षरं कधीच उडून गेली, आतला फोनही बंद पडून जमाना झाला, तरी लोक तिला अजून बूथच म्हणतात. आता तिथे बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, काडेपेट्या आणि लहान पोरांच्या गोळ्या मिळतात. आत धाकलू बसतो. वय साठीला आलेलं, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा. सहाव्या वर्षी गोवर आला आणि जाताना पोराचे डोळे घेऊन गेला, एवढंच त्याची आई सांगायची. त्यापुढे तिने कधी काही सांगितलं नाही आणि धाकलूनेही विचारलं नाही.

बिस्किटं काय, कुठेही मिळतात. धाकलूकडे लोक येत ते दुसऱ्याच कामासाठी. हातात आलेली नोट खरी की खोटी याचा संशय आला, की बाजारातला माणूस ती नोट उजेडात धरत नसे, सरळ धाकलूच्या हातात देत असे. डोळस माणसांनी आंधळ्याला विचारायचं, ‘बघ रं, ही बरोबर हाय का?’ बाहेरगावच्या माणसाला ही थट्टा वाटायची. दहिवलीत कुणालाच वाटत नसे.

त्याची कहाणी अशी. धाकलू लहानपणी सहा-सात वर्षं मुंबईच्या एका अंधशाळेत होता. तिथे ठिपके वाचून वाचून त्याचा अंगठा असा तयार झाला, की कपड्याच्या कडेवरून तो शिंप्याचं नाव सांगेल असं लोक म्हणायचे. तेवढं काही खरं नव्हतं, पण नोटांचं खरं होतं. जुन्या नोटेच्या डाव्या अंगाला उठावाची खूण असायची. वीसला उभी पट्टी, पन्नासला चौकोन, शंभरला त्रिकोण, पाचशेला गोल. अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला त्यानंतर चारेक वर्षांनी एका टेंपोवाल्याने त्याला पाचशेची नोट दिली. आंधळ्याच्या गळ्यात मारू, असा हिशेब असणार. धाकलूने नोटेवरून अंगठा फिरवला आणि ती परत केली. “हिच्यात गोल नाय,” तो म्हणाला. टेंपोवाला तोंड वर करून भांडला, मग चार माणसं जमल्यावर दुसरी नोट काढून चालता झाला. त्या दिवसापासून धाकलूच्या अंगठ्याचा बोलबाला झाला.

मग नोटबंदी आली आणि सगळ्या बाजाराबरोबर त्याचाही अंगठा एका दिवसात अडाणी झाला. नव्या नोटा लहान. शंभर, दोनशे, पाचशे यांच्या लांबीत फरक किती, तर चार-चार मिलिमीटर. ज्यांनी ही मापं ठरवली त्यांनी निदान एकदा डोळे मिटून, गिऱ्हाईक समोर घाई करत असताना, त्या हातात धरून बघायच्या होत्या. कडेला तिरप्या उठावाच्या रेघा दिल्या, शंभराला चार, पाचशेला पाच. नोट कोरी असते तोवर त्या लागतात. शंभर हातांतून फिरली की रेघाही बसतात आणि खूणही बसते. तरी धाकलूने ते सगळं नव्याने शिकून घेतलं. नोट बोटांत दुमडून तिचं टोक कुठल्या पेरापर्यंत पोचतं, कागद कसा वाजतो, कडेचा खरखरीतपणा कुठे सुरू होतो, हे तो दुपारभर एकटा बसून घोकत असे. महिनाभरात बाजार परत त्याच्या दारात आला. त्याबद्दल तो कुणाकडून पैसा घेत नसे. लाजेकाजेने कुणी बिस्किटाचा पुडा घेई, तेवढंच.

पैशाचं सोडा. या रस्त्यावर त्याला हात धरून पलीकडे नेणारे पुष्कळ होते. पण त्याला विचारायला येणारे होते, ही गोष्ट वेगळी. त्याच्या वाट्याला माणूसपण आलं होतं ते या अंगठ्यातून, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

साखर त्याला अकरा वर्षांपासून होती. आधी तळपाय गेले. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. त्याने ते मनावर घेतलं नाही, पायांनी कुठे नोटा बघायच्या होत्या. मग गेल्या वर्षी एकदा चहाचा ग्लास हातात धरला असताना सून श्रद्धा ओरडली, “बाबा, भाजतंय ना! ठेवा खाली!” अंगठ्याला टरटरून फोड आला होता. धाकलूला काहीच लागलं नव्हतं. “ध्यान नव्हतं माझं,” तो म्हणाला. फोड बसला. अंगठा काही परत आला नाही.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. नोटा येतच राहिल्या आणि तो बघतच राहिला. फक्त आता तो अंगठ्याने बघत नव्हता. कानाशी नेऊन नोट वाजवायचा. नाकाशी न्यायचा. आणि सगळ्यात जास्त तो ऐकायचा ते आणणाऱ्याचा आवाज. माणूस नोट देताना बोलतोच काहीतरी, आणि त्या बोलण्यात त्याला काय उत्तर हवंय ते असतं. धाकलू तेच उत्तर द्यायचा. वर्षभर ते खपलं. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटत नव्हतं. खरं तर त्याला त्या वर्षात फारसं काही वाटतच नव्हतं. सकाळी टपरी उघडायची, संध्याकाळी लावायची.

गौराबाई भिवपुरीकडची. तिकडच्या एका गावातून सकाळी टमटमने यायची, आणि गेली वीस वर्षं बूथच्या शेजारी पाटी मांडून बसायची. पावसाळ्यात काकड्या आणि भेंडी, थंडीत वालाच्या शेंगा. नवरा लवकर गेलेला, एकच पोरगा, हर्षद. तो यंदा कुंभिवलीच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. त्या दिवशी ती किती बोलली होती! धाकलूला गोळी विकायलाही उसंत मिळाली नव्हती. दोघांत नातं काही नव्हतं. ती त्याला दादा म्हणायची, दुपारी तिच्या भाकरीतली अर्धी त्याच्या हातात यायची, आणि तिच्या पाटीवर गिऱ्हाईक नसलं की त्याच्या टपरीवरचे पाण्याचे पैसे ती घ्यायची.

गणपतीच्या चार दिवस आधी गौराबाई समोरच्या विकासच्या किराणा दुकानात सामान भरायला गेली. रवा, साखर, तेल, नारळ. तिने कनवटीची पाचशेची नोट काढून दिली. दुकानात गर्दी होती. विकासने नोट चिमटीत धरली, उलटीपालटी केली आणि तिथूनच रस्ता ओलांडून बूथवर आला. मागोमाग गौराबाई, आणि तिच्या मागून सामान घ्यायला आलेली पाच-सहा माणसं.

“काका, ही बगा,” विकास म्हणाला. “मला तर शंभर टक्के खोटी वाटते. रंग बगा कसा झालाय, कागद तर पार लेचापेचा.”

रंग बगा, असं आंधळ्याला म्हणाला तो, इतकी त्याला खात्री होती. धाकलूने नोट घेतली. अंगठा कडेवरून फिरवला. रेघा नव्हत्या. खुणेच्या जागी फिरवला, खूण नव्हती. नोट वाजवली, ती वाजली नाही. जुन्या धडप्याची चिंधी हलवावी तशी ती हलली.

“नाय,” तो म्हणाला. “ही नाय चालायची.”

“अरं दादा, नीट बग की,” गौराबाई म्हणाली. “हर्षदनं दिलेली हाय ती.”

“बगितली गं. खोटी हाय.”

तिथे कुणीतरी म्हणालं, मावशी, असली नोट घरात ठेवू नका, पोलिसाचं लचांड मागे लागेल. दुसरा हसला. विकासने दुकानात जाऊन बांधलेलं सामान सोडून परत डब्यात ओतलं. तो रवा ओतल्याचा आवाज धाकलूला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला. गौराबाई नंतर तिच्या पाटीपाशी आली, पाटी उचलली आणि गेली. त्या दिवशी भाकरी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बूथशेजारी बसली नाही. पुलाच्या तोंडाशी, फुलवाल्या बायकांच्या ओळीत बसली. पुढे काय झालं ते धाकलूला बाजारातून तुकड्यातुकड्याने कळलं. तिने घरी जाऊन ती नोट चुलीत घातली. मग हर्षद कामावरून आला तेव्हा त्याला नको नको ते बोलली, आईला खोटी नोट देतोस, कुणाच्या संगतीला लागलास म्हणून. पोराने पगार ठेकेदाराकडून रोखीने घेतलेला, तो काय पुरावा देणार? ‘धाकलूकाका बोलले ना खोटी? मंग खोटीच असंल,’ एवढंच तो म्हणाला, कपडे पिशवीत भरले आणि कुंभिवलीला पोरांच्या खोलीवर राहायला गेला. घरात गणपती बसला, उठला. पोरगा आरतीला आला नाही.

धाकलूने हे ऐकलं. आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. वाटलं नाही. अंगठ्याला चहा लागला नव्हता, तसंच. मग एका बाईने दोन पुडे मागितले, ते त्याने दिले.

कळायचं ते कळलं नवरात्राच्या तोंडावर. गल्ल्यात रोज काही ना काही चुकू लागलं होतं. पन्नासच्या जागी वीस, दोनशेच्या जागी शंभर. श्रद्धाने दोन-तीनदा हिशेब लावून बघितला आणि मग न बोलता सासऱ्याच्या फोनवर नोट ओळखणारं ॲप घालून दिलं. फोन नोटेसमोर धरायचा, की तो मोठ्याने रक्कम सांगतो.

“हे कशाला?” धाकलू म्हणाला. “माज्या अंगठ्याला काय झालंय?”

“काय नाय झालं. असू द्या जोडीला,” श्रद्धा म्हणाली. “पण बाबा, हा फक्त किती रुपयांची ते बोलतो. खरी-खोटी त्याला नाय कळत. ते तुमीच बगायचं.”

ते शेवटचं ती मान राखायला म्हणाली होती. चांगली पोर आहे ती. पण तेच नेमकं त्याच्या डोक्यात राहिलं.

त्याच दिवशी श्रद्धाने बँकेतून त्याची पेन्शन काढून आणली होती. पाचशेच्या तीन कोऱ्या नोटा. दुपारी रस्ता मोकळा झाल्यावर धाकलूने त्यातली एक काढली. फोन समोर धरला. ‘पाचशे रुपये,’ फोन म्हणाला. मग त्याने अंगठा कडेवर ठेवला. बँकेतून आलेली, अजून कुणाच्या हातात न मळलेली नोट. पाच रेघा असणार. त्याने अंगठा वर नेला, खाली आणला. नखाने दाबून बघितलं. तर्जनीने, करंगळीने, डाव्या हाताच्या सगळ्या बोटांनी बघितलं. काहीच नव्हतं. अगदी गौराबाईच्या नोटेसारखं. त्याने खालचा बिस्किटाचा रिकामा कागद घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. तोही तसाच.

म्हणजे गौराबाईची ती नोट खोटी होती, असं नाही. ती खरी होती, असंही नाही. ती कशी होती हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं, कारण ती चुलीत गेली होती, आणि जाण्याआधी तिला शेवटचं बघितलं होतं ते या अंगठ्याने. धाकलू नोट आणि बिस्किटाचा कागद मांडीवर घेऊन बसून राहिला. कुणीतरी येऊन पाण्याची बाटली मागितली. त्याने दिली. सुटे किती दिले ते त्याला आठवत नाही.

यानंतर चार दिवस तो नुसती टपरी उघडत-लावत राहिला. काय करायचं ते कळत नव्हतं असं नाही, ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण एकदा तोंडातून गेलं की गेलं. उद्यापासून विकास नोट घेऊन रस्ता ओलांडणार नाही. लोक हात धरून पलीकडे नेतील, तेवढंच उरेल. शिवाय दुसरी सोपी वाट होतीच. गौराबाईला पाचशे रुपये द्यायचे, म्हणायचं तुझं नुकसान झालं, भावाने दिले समज. दोघांचंही भागेल. चौथ्या दिवशी त्याने ही सोपी वाट धरायची ठरवली, कोऱ्या नोटांतली एक खिशात घातली, टपरीचं अर्धं दार ओढलं आणि काठी घेऊन निघाला.

पुलापर्यंतचा रस्ता त्याच्या पायांना पूर्वी पाठ होता. आता पाय काही सांगत नव्हते, काठीच सांगत होती. झेंडूचा वास आला तिथे तो थांबला.

“गौराबाई हाय का?”

“हाय. बस.”

तो तिच्या पाटीच्या बाजूला खाली टेकला. फुलवाल्या बायका बोलता बोलता थांबल्या. धाकलूने खिशातून नोट काढून पुढे केली. “ही घे.”

“कसली?”

“तुजं सामान ऱ्हायलं होतं गणपतीला. ठेव.”

नोट त्याच्या हातातून गेली. मग गौराबाईने त्याचा पंजा धरून उघडला, नोट त्याच्यावर ठेवली आणि बोटं मिटली.

“आदी बग,” ती म्हणाली. “खरी हाय का ते बग. इकासनं मला परत चार लोकांत उभं करायला नको. तू बोललास खरी, तर घेते.”

धाकलूच्या हातात त्याची स्वतःची नोट होती. ती बँकेतली होती. ‘खरी हाय’ असं तो म्हणाला असता तर त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याने अंगठा कडेवर नेला, सवयीनेच. सगळ्या बायका त्याच्या अंगठ्याकडे बघत असणार, हे त्याला बघितल्याशिवाय कळत होतं. ज्या अंगठ्याने हिचं घर मोडलं त्याच्यावरच ही अजून भरवसा टाकून बसली होती. आणि तेव्हा पहिल्यांदा, इतक्या दिवसांनी, ते त्याला लागलं.

“मला नाय कळत,” तो म्हणाला.

“काय नाय कळत?”

“खरी का खोटी. अंगठा गेला गं माजा. साखरेनं गेला. वर्ष झालं. कायबी नाय लागत त्याला.”

“वर्ष?” गौराबाई म्हणाली. तिने मनात महिने मोजले असणार. “मंग माजी?”

“तुजी पण नाय कळली. इकास खोटी बोलला, कागद वाजला नाय. मी पण बोललो खोटी.”

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलू लागली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती.

“कसा वाजंल रं कागद? त्याचा पयला पगार होता तो. पोरानं आणून हातात दिला, मी त्यातली एक नोट देवापुढं ठेवली. हळद वायली, कुंकू वायलं, पाण्याचा हात फिरवला. भिजली ती. मंग सुकवली, देवाच्या फळीवर ठेवली. दोन महिने तिथंच होती. बोलले, गणपतीला त्याच्याच पैशाचा निवद करू. हळदीनं पिवळी झाली ती. इकास बोलला रंग बगा.”

“मंग बोलली का नायस तवा?”

“तू बोललास खोटी. तुज्यापुढं मी काय बोलू?”

पुलावरून एक टमटम गेली. फुलवाली बाई कुणाला तरी हार नाही म्हणाली.

“मंग खरी होती ना ती?” गौराबाईने विचारलं. “सांग ना. खरीच आसंल ना?”

धाकलूला हो म्हणायचं होतं. त्याला आयुष्यात कधी एवढं हो म्हणावंसं वाटलं नव्हतं. पण वर्षभर तो हेच करत आला होता, समोरच्याच्या आवाजात जे असेल ते देत आला होता.

“आसंल,” तो म्हणाला. “पण माज्या अंगठ्याला नाय कळलं. हर्षदला सांग, काकाला कळत नव्हतं तरी काका बोलला.”

“मी नाय सांगणार. तू सांग.”

तिने कमरेचा फोन काढला, एक बटण दाबून धरलं आणि त्याच्या कानाला लावला. दुसऱ्या टोकाला यंत्रांची घरघर होती. ‘हां आई,’ हर्षद म्हणाला. धाकलूने नाव सांगितलं आणि मघा बोलला होता तेच सगळं परत सांगितलं. आवाज सरळ राहिला. सगळं संपल्यावर पोरगा म्हणाला, “बरं.” मग घरघर थांबली.

“काय बोलला?”

“बरं बोलला.”

“येतो बोलला?”

“नाय. नुसतं बरं बोलला.”

“बरं बोलला ना,” गौराबाई म्हणाली, आणि पाटीतल्या काकड्या वरखाली करू लागली. एकदा, दोनदा, परत पहिल्यासारख्या.

धाकलूने मुठीतली नोट पुन्हा तिच्यापुढे धरली. “ही बँकेतली हाय. श्रद्धानं आणलीय. अंगठ्यावर जाऊ नको, फोन बोलला पाचशे, माजी पेन्शन हाय ती. घे.”

तिने घेतली. मग ती म्हणाली, “पाचशे भरले रं दादा. पण ही देवापुढं नाय ठेवता येत. ही त्याची नाय.”

“मंग ऱ्हाऊ दे,” धाकलू म्हणाला. “दे परत.” त्याने हात पुढे केला आणि तळवा वर करून थांबला. काकड्यांना एक गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, भाव विचारून गेलं. ऊन मानेवर आलं. तो हात तसाच धरून वाट बघत होता.

“दे ना,” तो म्हणाला.

“दिली रं कवाच,” गौराबाई म्हणाली. “तुज्या हातातच हाय.”